पत्रात कापूस नव्हता

आमच्या गावात टीव्ही चार होते, पण फौजी मालिका लागायची त्या संध्याकाळी सगळे आमच्याच घरी यायचे. कारण फौजी आमचा होता. माझा थोरला भाऊ पंजाबातल्या एका छावणीत ट्रक चालवायचा, आणि सरकारी चॅनलवरच्या त्या हिंदी मालिकेत छावणीच दाखवायचे. तेव्हा ती बघण्याचा मान आमचा, असं गावानं परस्पर ठरवून टाकलं होतं. महागाव-उमरखेड रस्त्यावरचं आमचं गाव, विजेची लाईन राहिली तर नशीब. तरी लोक आधी येऊन जागा धरायचे.

मालिकेत लढाई नव्हती. एक कॅप्टन, त्याची बायको, शेजारचा मेजर, त्याची बायको, आणि दर आठवड्याला कोणाचं तरी कोणाशी बिनसलेलं. सकाळी परेड, संध्याकाळी पार्टी. बाबा पहिला भाग बघून म्हणाले, "हे लोकं काम कवा करते?" माय कॅप्टनच्या बायकोचा बिनबाह्यांचा ब्लाउज बघून स्वतःचाच पदर ओढून घ्यायची. मी एकोणीस वर्षांची, उमरखेडच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला आणि निबंधात वर्गात पहिली. मला कॅप्टन आणि त्याच्या बायकोच्या संवादांनी वेड लावलं होतं. वहिनी मात्र कॅप्टनकडे बघतच नसे. दारात हातात ट्रे घेऊन एक जवान उभा असायचा, त्याला 'जी साब'च्या पलीकडे वाक्य नव्हतं. ती त्याच्याकडे बघायची. मी एकदा चिडवलं तर म्हणाली, "त्याच्या शर्टाची इस्त्री पाहा नं ताई. तुमच्या भावासारखीच कडक हाये."

वहिनीच्या लग्नाला चार वर्षं झाली होती. त्यात दोघं एका छपराखाली राहिले ते सगळे मिळून पाच-सहा महिने. मागच्या वर्षी दादाचा फॅमिली क्वार्टरचा नंबर लागला होता, पण वहिनी एकटी दोन बायांएवढा कापूस वेचायची आणि बाबांनी लिहवलं, वेचणी होऊ दे, मग ने. क्वार्टर दुसऱ्याला गेलं. यंदा नंबर पुन्हा जवळ आला होता. हिवाळ्यात सुट्टी काढून येतो आणि हिला घेऊनच जातो, असं दादानं कळवलं होतं. वहिनीनं लोखंडी पेटीत दोन नवी लुगडी, पोळपाट आणि लोणच्याची बरणी भरून ठेवली होती. बाबा मात्र "पऱ्हाटी उपटल्यावर पाहू" म्हणत होते, म्हणजे कापसाचा हंगाम संपून झाडं उपटल्यावर, आणि बाबांचं 'पाहू' म्हणजे काय हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

घरातली पत्रं मी लिहायची. वहिनी सातवी शिकलेली, अक्षर माझ्याहून वळणदार. पण सुनेनं नवऱ्याला वेगळं पत्र टाकलं की पोस्टमनपासून गिरणीपर्यंत चर्चा व्हायची, म्हणून ती लिहीत नसे. निळं आंतरदेशीय पत्र मी मांडीवर घ्यायची आणि बाबा खाटेवरून सांगायचे. आधी कापूस. बोंडअळी कोणत्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत आली, वेचणी कितवी, व्यापारी काय भाव म्हणतात. मग बैलाचा खूर. मग मायचं 'जेवत जा'. शेवटी दोन बोटं जागा उरायची, ती वहिनीची. काय लिहू म्हटलं की म्हणायची, "लिवा, मी बरी हाये." चार वर्षं ती बरीच होती.

ती वर्षं कापसाला फार वाईट गेली. आमच्या जिल्ह्याचं नाव सारखं बातम्यांत यायचं, आणि यायचं ते शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठी. आमच्या घरावर तशी पाळी नव्हती. तूर होती, दादाचा पगार होता, आणि बाबांचा स्वभाव असा की संकटालाही त्यांनी धुऱ्यावरून हाकलून लावलं असतं. त्यामुळे त्या बातम्या लागल्या की आम्ही आवाज कमी करायचो आणि आपल्या कामाला लागायचो.

मग एका भागात कॅप्टन पंधरा दिवसांच्या सरावाला गेला आणि त्याच्या बायकोनं खिडकीत बसून त्याला पत्र लिहिलं. अर्धा भाग नुसतं ते पत्रच ऐकू येत होतं. मला रात्रभर चैन पडलं नाही. दुसऱ्या दिवशी उमरखेडहून पाकीट आणि चांगला कागद आणला आणि वहिनीला म्हटलं, "या खेपेला तुझं पत्र. अख्खं." ती म्हणाली, "कायले उगाच, ताई?" पण म्हणता म्हणता जवळ येऊन बसली.

मी तिच्या नावानं चार पानं लिहिली. तुमच्याविना अंगणातली तुळसही अबोल झाली आहे, असं लिहिलं. आमच्या अंगणात तुळस नव्हती, शेळीनं ती केव्हाच खाल्ली होती. चंद्र आला, वाट आली, भिजलेली उशी आली. कापूस मी मुद्दाम टाळला. प्रेमपत्रात बोंडअळी कुठं घालायची? वहिनीनं वाचलं, तिचे कान लाल झाले. मग हळूच म्हणाली, "बाबाचं काहीच नाई लिवलं?" मी म्हटलं, त्यांचं नेहमीचं पत्र जाईलच की. ते काही गेलं नाही. वेचणीच्या घाईत बाबांना बसायला फुरसत नव्हती.

बाराव्या-तेराव्या दिवशी सकाळी मी कॉलेजला जायला फाट्यावर उभी होते आणि पहिल्या एसटीतून दादा उतरला. वर्दीवर, दाढी वाढलेली, हातात फक्त एक पिशवी. मी हसत पुढे झाले. तो म्हणाला, "बाबा?"

"वावरात गेले."

"खरं सांग."

"अरे, वावरात गेले म्हणते ना!"

तो घराकडे वळलाच नाही. तसाच बुटांनी नांगरटीतून वावराकडे निघाला आणि मी कॉलेज सोडून त्याच्यामागे पळाले. बाबा वेचणाऱ्या बायांवर ओरडत होते, दहिवराचा ओला कापूस कंबरेच्या ओटीत घेऊ नका म्हणून. त्या बायांत वहिनीही होती. दादानं सगळ्यांसमोर बाबांचे दोन्ही खांदे धरले. आमच्याकडे मोठा झालेला मुलगा बापाला असा हात लावत नाही.

"काय बे," बाबा म्हणाले, "फौजेतून काढलं का काय तुले?"

दादा खाली मातीत बसला आणि रडला. माझ्या भावाला मी रडताना तेवढंच एकदा पाहिलं.

मग त्यानं खिशातून माझी चार पानं काढली. "याच्यात कापसाचं एक अक्षर नाई. बाबाचं नाव नाई. गावातल्या दुकानातला फोन लावला तं लागत नाई. तिकडं टीव्हीवर रोज आपला जिल्हा दाखवून राह्यले, सोबतचे पोरं मले इचारते, तुह्या घरी बरं हाये नं? अन् त्यात हे पत्र. हे हिचं नाई, हे मले पयल्या ओळीतच समजलं. मले वाटलं, तुमी सगळे मिळून लपवून राह्यले. सांगाची हिंमत नाई, म्हणून असं गोड गोड लिवलं."

मला माझ्या लेखणीचा तोवर फार अभिमान होता, आणि खोटं कशाला बोलू, आजही आहे. पण त्या धुऱ्यावर मला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. मी म्हटलं, मी लिहिलं, तिचा काही दोष नाही. बाबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते दादाला म्हणाले, "तुले वाटलं का मी..." जन्मभर वाक्य अर्धं न सोडणारा माणूस. बाया मान खाली घालून वेचत राहिल्या.

दादानं डोळे पुसले आणि खरी गोष्ट सांगितली. ही सुट्टी त्यानं वहिनीला न्यायला राखून ठेवली होती. ती आता यातच गेली. क्वार्टरही अजून रिकामं झालं नव्हतं. "आता पुढल्या वर्षी," तो म्हणाला. वहिनीनं ते ऐकलं आणि न थांबता दोन ओळी वेचत गेली. ती मला चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं.

ती संध्याकाळ नेमकी मालिकेची होती. फौजी आलाय म्हटल्यावर गर्दी दुप्पट. दादा भिंतीला टेकून बसला होता. पडद्यावर पार्टी चालू होती. शेजारच्या काकांनी विचारलं, "काय बे, याच्यात तू कुठी?"

दादानं बोट दाखवलं. "हा, दारापाशी उभा हाये तो. फरक एवढाच, मी गाडीपाशी उभा रायतो."

सगळे हसले. बाबा हसले नाहीत. ते त्या ट्रेवाल्या जवानाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "सायबाच्या बायका रोज दाखवते. याची बायको कुठी हाये?"

दादा म्हणाला, "असन गावाकडं. कापूस वेचत."

तो टोमणा नव्हता, दादाला टोमणे मारता येत नाहीत. पण हसणाऱ्यांनी नजर चुलीकडे वळवली. वहिनी चुलीपाशी होती, तिच्या हातातली भाकर तव्यावर पडायची राहिली.

"परवा निघतेस तू याच्यासंग," बाबा तिला म्हणाले. सगळ्या गावासमोर.

"अन् वेचणी?" मायनं विचारलं.

"मी वेचतो."

"क्वार्टर नाई अजून, बाबा," दादा म्हणाला.

"मंग खोली पाह्य भाड्यानं. इथं का तिले बंगला हाये?"

तिसऱ्या दिवशी लोखंडी पेटी एसटीच्या टपावर चढली. वहिनी चढता चढता माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, "पत्र मी लिवन, ताई. तुमी नका लिवू." मी हसले आणि मग घरापर्यंत रडत आले. बाबांनी खरोखर कंबरेला ओटी बांधली. बाया त्यांना हसायच्या, कारण त्यांच्या कापसात निम्मा पालापाचोळा यायचा. त्यांनी वेचणी मात्र सोडली नाही.

महिन्याभरानं वहिनीचं पत्र आलं, तिच्या वळणदार अक्षरात, कोणाच्याही मदतीशिवाय. मी ते सगळ्यांना वाचून दाखवलं. "सिरियलमधलं इथं काहीच नाही. बंगला नाही, पार्टी नाही. खोलीत नळ नाही, पाणी खालून आणावं लागतं. थंडी फार. पण हे संध्याकाळी घरी येतात." आणि अगदी खाली, "उत्तरात बाबांचं आधी लिहा."

मी निळं पत्र मांडीवर घेतलं, पेन उघडलं, आणि सवयीनं विचारलं, "कापूस काय लिहू, बाबा?"

"थांब," ते म्हणाले. बाबांना लिहिता येत नव्हतं. प्रौढांच्या वर्गात ते फक्त सही शिकले होते. त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं आणि पत्राच्या अगदी वर, कोऱ्या कागदावर, दोन बोटं जागा अडवून आपली वाकडी सही केली. शाई वाळेस्तोवर फुंकर घातली.

"हं," मग म्हणाले. "आता लिव कापूस."