फोन रुखसारला करा, साहेब

आज गुरुवार, सकाळी सव्वाअकरा. मी शाहीन आपांच्या दारात खुर्च्या मांडत होतो आणि नागपूरहून पैसे लावणाऱ्या एका साहेबांचा फोन आला.

आपांचा जनाजा अजून निघायचा होता.

"फार वाईट झालं," साहेब म्हणाले. आणि लगेच, "आता कंपनी तू बघ. आता काही अडचण नाही. आपण फंडिंगचं बोलू."

अडचण म्हणजे आपा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो. शाहीन आपा मारेगावच्या मेकॅनिकची मुलगी. कापूस वेचून झाला की शेतात पऱ्हाटी उरते, लोक ती पेटवून देतात. आपांनी तिच्या जळाऊ कांड्या पाडणारं मशीन स्वतः बनवलं. कोळशाऐवजी त्या बॉयलरमध्ये चालतात. मी नववीत शाळा सोडली तेव्हापासून त्यांच्याच शेडवर आहे.

आज पहाटे आपांचं हृदय बंद पडलं.

दोन वर्षांपूर्वी मोठ्या मशीनसाठी पैसे हवे होते. छोटं मशीन पिकअपमध्ये घालून आम्ही नागपूरला गेलो. हे साहेब धरून विदर्भातल्या स्टार्टअपमध्ये पैसे लावणारे सगळे एका टेबलावर.

सगळे पुरुष.

खोलीत बाई एकच. पाण्याच्या बाटल्या मांडणारी.

आमच्या आधी एक मुलगा होता. त्याचं अॅप अजून कागदावरच. त्याला विचारलं, "पाच वर्षांत किती मोठे व्हाल?"

आपांना विचारलं, "बुडालं तर?"

मग, "मिस्टर काय करतात?"

"वर गेले," आपा म्हणाल्या. "तिथून सही आनू काय?"

कोणी हसलं नाही.

मशीनचे प्रश्न मात्र मला! मी उचलायला गेलेला माणूस.

"सर, आपांना विचारा. मशीन त्यांनी बनवलंय."

"लाजू नको रे," म्हणाले.

शेवटी अट सांगितली. कागदावर निम्मी मालकी माझ्या नावावर करा, मग विचार करू.

मशीन चालू करून दाखवा, असं कोणी म्हटलंच नाही. ताडपत्रीसुद्धा न काढता परत आणलं.

वणीला चहाला थांबलो.

"तुले साहेब व्हायचं हाय काय रे?"

"नाही आपा."

"होऊन जाय ना बाप्पा. टाय घालून ग्रीस लावजो."

मग त्यांचं हसू गेलं. "मले पैसा पाह्यजे. मालक नोको."

पुढे अमरावती झालं, चंद्रपूर झालं. शहर बदललं, टेबलावर बाई काही दिसली नाही. मोठं मशीन आलंच नाही.

आणि आज त्याच साहेबांनी त्यांच्या महिला दिनाच्या कार्यक्रमातला जुना फोटो फेसबुकवर टाकलाय. मध्ये आपा. खाली लिहिलंय, 'आमची प्रेरणा'.

प्रेरणेला तेव्हा खुर्ची का नव्हती, साहेब?

सकाळी साहेबांचा फोन चालू असतानाच रुखसार बाहेर आली. आपांची मुलगी. शेडवरचं सगळं वेल्डिंग तिचं.

"कोन हाय, भाऊ?"

मी सांगितलं. तिनं ओढणीनं डोळे पुसले.

"त्याईले म्हन, अम्मीले मातीत ठेवून येऊ द्या. मंग माह्याशी बोला."

मी तसंच सांगितलं. फोन कट झाला.

म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय. कंपनी रुखसारची आहे. माझ्या नावावर काही नाही, आणि होणारही नाही. तिचा नंबर शेडच्या पाटीवर आहे. बोलायचं तर तिच्याशी बोला. आणि आलात तर आधी मशीन चालू करायला सांगा.

आपा, आज-उद्या मशीन बंद आहे, फक्त तुमच्यासाठी. परवा रुखसार बटण दाबेल.

दुपारनंतर, असरची नमाज झाली की खांदा द्यायला येतोय.

शेवटचा सलाम, आपा.