कडू घासाचा डबा

साहेबांनी पडद्यावरच्या आलेखावर पेनाचं टोक टेकवलं. "ही रेषा इथे अशी वर का गेली?"

मासिक क्राइम मीटिंग चालू होती. पोलिसांच्या कार्यालयात मी आकडेवारीचं काम बघतो. वर्दी नाही, नुसता कॉम्प्युटर. लहान आणि किशोरवयीन मुलांच्या खुनांचा बऱ्याच वर्षांचा ट्रेंड मी काढला होता. ट्रेंड म्हणजे एका वर्षावर न अडकता दुरून दिसणारी चाल. मोठ्या मुलांची रेषा हळूहळू उतरत होती. पाच वर्षांखालच्यांची मात्र अलीकडे चढली होती, आणि ती चढण जवळजवळ सगळी एकाच ठाण्याची होती.

"त्या ठाण्यात लहान मुलांचं काम कोण बघतं?"

"हवालदार शेवंताबाई."

"बदली करा त्यांची. पुढच्या मीटिंगला ऑर्डर काढू. तोवर तुम्ही कारण शोधून ठेवा."

माझ्या रेषेमुळे एका बाईची बदली होणार होती. दुसऱ्या दिवशी मी एसटी धरली.

शेवंताबाई वडशाच्या. हिवाळाभर रजा साठवून तिकडची रात्रभर चालणारी झाडीपट्टीची नाटकं बघणाऱ्या. ठाण्याच्या पायरीवरच भेटल्या.

"या सर! तुमच्या रेघेपायी मले पार त्या टोकाले, सिरोंच्याले पाठवून राह्यले म्हणते? आता या वयात तेलगू शिकू का?"

मी बॅगेतला आलेख काढायला लागलो.

"तोंड काऊन पाडता? चाला माह्यासंगं. साडी नेसून येतो."

साडी नेसून, हातात डबा घेऊन त्या आल्या. त्यांच्या स्कूटीवर मागे बसून मी एका गावात पोचलो. तलावाच्या बांधाखाली मातीचे लहान लहान उंचवटे होते, वर काट्यांच्या फांद्या. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून. इकडे लहान मुलाला जाळत नाहीत, पुरतात, तेही त्याच दिवशी. ताप आला होता, माळ्यावरून पडलं, असं सांगितलं की कोणी ठाण्यात जात नाही. आणि जे मरण ठाण्यात येत नाही, ते माझ्या आलेखातही येत नाही.

एका घरी दोन वर्षांचा मुलगा आदल्या दिवशी गेला होता. अशा घरात चूल पेटत नाही. दुसऱ्या घरचं जेवण येतं. त्याला कडू घास म्हणतात. शेवंताबाईंनी डबा उघडला. वरण-भात कालवून त्या पोराच्या आईला भरवला. तिच्यासोबत रडल्या. उठल्या.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "तुम्ही काहीच विचारलं नाही."

"काय विचारू? पोरगं तापानं गेलं, माय उपाशी होती. मी काय दर घरी खून शोधाले जातो का, सर?"

परतताना त्यांनी मला सुनीताकडे नेलं. तिची चार वर्षांची मुलगी मागच्या वर्षी गेली. माळ्यावरून पडली, असं घरच्यांनी गावाला सांगितलं होतं.

"पडली नाई," सुनीता म्हणाली. "दिरानं दारू पिऊन आपटली. पोलीस आले असते त मी बोललीच नसती. ह्या बाईनं मले भरवलं. घास पोटात गेला, मंग तोंड उघडलं."

मुलगी पुरलेली होती, म्हणून तपास झाला. तहसीलदारांसमोर माती काढली, डॉक्टरांनी तपासलं. दीर तुरुंगात आहे. सुनीता माहेरी न जाता तिथेच राहते, मुलीजवळ. त्या ठाण्यातली बाकीची प्रकरणंही अशीच उघडी पडली होती.

परत आल्यावर मी आरोग्य विभागाकडून लहान मुलांच्या सगळ्याच मृत्यूंची माहिती मागवली. पुढच्या मीटिंगला खुनांची आणि सगळ्या मृत्यूंची अशा दोन रेषा एकाखाली एक लावल्या. त्या ठाण्याच्या हद्दीत मुलं पूर्वीपेक्षा जास्त मरत नव्हती. उलट थोडी कमीच.

साहेबांनी दोन्ही रेषांवरून पेन फिरवलं. "म्हणजे खून वाढले नाहीत?"

"नाही साहेब. कळायला लागले."

"आणि हे सगळं त्या डब्यामुळे?"

"डब्यामुळे नाही. शेवंताबाई जेवू घालून गप्प बसतात, त्यामुळे."

बदली रद्द झाली. इतर ठाण्यांतल्या महिला पोलिसांनाही साहेबांनी असंच जायला सांगितलं. मग साऱ्या जिल्ह्याचीच रेषा चढली आणि वरच्या कार्यालयातून साहेबांना खुलासा मागितला गेला. तो लिहिताना त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं. काही वर्षांनी शेवंताबाईंच्या हद्दीत रेषा उतरू लागली. घरात कोणी हात उचलला की बायका आता मूल जिवंत असतानाच त्यांना बोलवत.

या हिवाळ्यात शेवंताबाई गेल्या. कावीळ झाली होती, अंगावर काढली. मी पोचलो तेव्हा ओसरीत डबे मांडायला जागा नव्हती. गावोगावच्या बायका आल्या होत्या. सुनीता शेवंताबाईंच्या मुलीला भरवत होती.

मीही डबा नेला होता. मी एकटा राहतो, स्वयंपाक बेताचा. मुलीनं माझ्या डब्यातला एक घास घेतला आणि रडता रडता म्हणाली, "काका, वरणात मीठच नाई."

शेवंताबाईंनी हे महिनाभर सगळ्यांना सांगितलं असतं.

नवीन अधिकारी येतात, चढलेल्या रेषेवर पेन टेकवतात. मी त्यांना एवढंच सांगतो, ऑर्डर काढण्याआधी त्या गावात एकदा डबा घेऊन जाऊन या. मीठ बघून घ्या.