उजव्या हाताचं पांढरं घर

१९९६ साली मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो आणि सुरतेत पांडेसऱ्याच्या एका साडी छपाईच्या कारखान्यात सात नंबरच्या टेबलावर उभा होतो. शाळा म्हणाल तर दुसरी. पण मला कुणी शहाणपण शिकवावं हे मी कधी चालवून घेतलं नाही. घरात नाही, कारखान्यात तर नाहीच.

टेबलावरच्या छपाईला दोन माणसं लागतात. मधे लांबच लांब टेबल, त्यावर ताणलेली साडी, साडीवर जाळीची चौकट. एकाने रंगावरून रबराची पट्टी ढकलायची, समोरच्याने ती धरून परत धाडायची. दिवसभर तोच चेहरा समोर. त्याला शिंक येणार असली तरी आपल्याला आधी कळते. माझ्यासमोर अकरा वर्षं एकच माणूस होता. जळगावकडचा, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, मॅट्रिक झालेला, बौद्ध. डब्याच्या सुट्टीत पेपर मोठ्याने वाचून दाखवायचा म्हणून आम्ही त्याला मास्तर म्हणायचो. तो मला आप्पा म्हणायचा.

सुट्टीत डबा झाला की आम्ही बुद्धिबळाला बसायचो. मी गावाकडे फडक्यावर शिकलेलो. कोळशाने रेघा मारलेल्या, सगळी घरं एकाच रंगाची. काळ्या-पांढऱ्या घरांचा पट मास्तरने आणला आणि पहिल्याच दिवशी सांगितलं, "आप्पा, मांडताना एवढं बघायचं. कोपऱ्यातलं पांढरं घर आपल्या उजव्या हाताला आलं पाहिजे. नाहीतर राजा-वजिराच्या जागा चुकतात."

हे मला त्याने शिकवलं. ध्यानात ठेवा, कारण मी ठेवलं नाही.

बहुतेक वेळा तोच जिंकायचा. मी अडकलो की अहिराणीत चिडवायचा, "आप्पा, तुना घोडा आठे पेंड खाई राहिना!" आणि मी म्हणायचो, "खाऊ दे, तुझ्या बापाची आहे का पेंड?" बाजूचे हसायचे. असं चालायचं.

त्या वर्षी मास्तरच्या वस्तीत, विहाराला लागून, वाचनालय उघडायचं ठरलं. एक खोली, दोन बाकं, लोकांनी दिलेली पुस्तकं. मास्तर त्यात बुडालेला. एका रविवारी जुन्या वस्तूंच्या गुजरी बाजारातून त्याने एक चित्र घेतलं आणि सोमवारी सुट्टीत दाखवायला आणलं. जुन्या इंग्रजी पुस्तकातलं पान, काळ्या शाईत छापलेलं, तपकिरी डाग पडलेले, काच एका कोपऱ्यात तडकलेली. चित्रात खिडकीजवळ एक विलायती गृहस्थ, डोक्यावर पांढऱ्या केसांचा टोप, समोर बुद्धिबळाचा पट, हातात उचललेला घोडा. पलीकडे तसाच दुसरा एक, हनुवटीला बोट लावून.

"हा मोठा विचारवंत होता इंग्लंडचा," मास्तर म्हणाला. खालचं नाव त्याने वाचलं, मला ते तेव्हाही म्हणता आलं नाही. "याचं म्हणणं असं, आप्पा, की माणूस जन्मतो तेव्हा त्याचं मन कोऱ्या पाटीसारखं असतं. कुणी वरचं लिहून आणत नाही, कुणी खालचं. म्हणून हे चित्र दारासमोरच लावायचं."

मी म्हटलं, "लाव." आणि चित्र हातात घेऊन बघत राहिलो. काहीतरी खटकत होतं, पण कामाची घंटा झाली.

उद्घाटनाला मला बोलावणं होतं. मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो. पन्नासेक माणसं, बायका, बाहेर चहाचं पातेलं. मास्तरने मला पुढच्या बाकावर बसवलं आणि सगळ्यांना सांगितलं, "हे आमचे आप्पा, माझे टेबलावरचे जोडीदार." मग चित्राबद्दल बोलायला उभा राहिला. तेव्हा मला दिसलं काय खटकत होतं ते. टोपवाल्याच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात काळं घर होतं.

मी बसल्या जागेवरून म्हटलं, "मास्तर, तुझ्या विचारवंताला पट मांडता येत नाही."

लोक हसले. मास्तरही हसला. "असेल आप्पा, चित्र काढणाऱ्याची चूक असेल."

तिथे मी थांबायला हवं होतं. पण लोक हसले होते ना. मी उठलो, काचेवर बोट ठेवलं. "आणि हा बघा, डावखुरासुद्धा आहे. ज्याला पांढरं घर कळत नाही, तो मनाची पाटी वाचणार!" पुन्हा हसू.

मास्तर हळूच म्हणाला, "आप्पा, बसा आता. चहा घ्या."

मला बसायला सांगितलं. पन्नास माणसांत, माझ्याहून लहान माणसाने. मग मी जे बोललो ते असं. लिहायला मला तीन दिवस लागले, पण लिहितो. मी म्हटलं, "बुद्धीचा खेळ रक्तात असावा लागतो, मास्तर. तुमच्या लोकांनी उसनी बुद्धी आणून भिंतीला टांगली म्हणून ती येत नाही."

कुणी हसलं नाही. एका म्हातारीने हातातली बशी खाली ठेवली. मास्तरने माझ्याकडे बघितलं. टेबलावरून अकरा वर्षं बघत होता तसंच, फक्त जास्त वेळ. मग त्याने चित्र खिळ्यावरून काढलं, काखेत घेतलं आणि पुढच्या माणसाला बोलायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्याने मुकादमाला सांगून बारा नंबरचं टेबल मागून घेतलं. कारण काय दिलं, ठाऊक नाही. माझ्यासमोर एक नवा गडी आला. सुट्टीत मी पट मांडायचो आणि कुणी येत नाही म्हणून आवरायचो. आपण खोटं काय बोललो, असं मनाशी म्हणत होतो. काळं घर काळंच होतं की नाही?

तीन आठवड्यांनी आमच्या टेबलावर मोराची साडी लागली. दहा-बारा साड्या निघाल्या आणि मुकादम ओरडत आला. "ए काका, आ मोर ऊंधा केम जाय छे?" नमुन्यात मोर पदराकडे तोंड करून होते, आमचे सगळे पाठ करून चाललेले. चौकटीच्या जाळीवर नक्षी उतरवताना तिची फिल्म उलटी लागली होती. माझा दोष नव्हता, पण माझे हात पट्टीवर तसेच राहिले.

सुरतेत आलो तेव्हा चौदा वर्षांचा होतो. आठ वर्षं कतारगामच्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे मी लाकडी ठसे कोरले. त्याने पहिलं वाक्य शिकवलं ते हेच, "ऊंधुं कोतर, सीधुं छपाशे." उलटं कोर, सुलटं छापलं जाईल. ते चित्रही कुणीतरी ठशावर कोरूनच छापलेलं. कोरणाऱ्याने मूळ चित्र समोर ठेवलं आणि आळस केला, जसंच्या तसं कोरलं. छापलं की सगळं फिरलं. उजवा हात डावा झाला, पांढरं घर डावीकडे गेलं. खालचं नाव तेवढं त्याने उलटं कोरलं असणार, म्हणून ते नीट वाचता येत होतं आणि कुणाला शंका आली नाही. त्या खोलीत हे ज्याला कळायला हवं होतं असा माणूस मी एकटा. आणि मीच बोट ठेवून हसत होतो.

त्या दिवशी सुटल्यावर बारा नंबरच्या टेबलाजवळून गेलो. मास्तर हात धूत होता, मोरपंखी पाणी नाल्यात चाललं होतं. मी थांबलो नाही. घरी जेवलो नाही. बायको म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "मोर उलटे छापले." ती म्हणाली, "मग उद्या सुलटे छापा. जेवा." दोन वर्षांनी मास्तर गावी गेला आणि तिथेच वारला, तेव्हाही तिने विचारलं, तुमचं त्याच्याशी काय झालं होतं. तेव्हाही मी मोरांचंच सांगितलं.

मोर उलटे छापले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दाढीला बसलो आणि साबण लावायच्या आधीच खिळ्यावरचा आरसा काढून निघालो. खाडी ओलांडून मास्तरच्या चाळीत गेलो. तो दारात चहा पीत होता. "चित्र कुठे आहे?" मी म्हटलं. त्याने काही न विचारता ट्रंकेमागून काढलं. मी समोर आरसा धरला.

"यात बघ."

तो वाकला. आरशात टोपवाल्याने उजव्या हातात घोडा धरला होता आणि त्याच हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर होतं.

"आता त्याचं नाव उलटं झालं," मास्तर म्हणाला. मी त्याला ठशाचं सगळं सांगितलं. त्याने मान हलवत ऐकलं, एकदा थोडा हसलाही. मग चित्र भिंतीला टेकवून ठेवलं.

"पटाचं झालं, आप्पा. आणि दुसरं?"

त्याची बायको आत भांडी घासत होती, ती थांबली.

"दुसरं काय?" मी म्हटलं.

मी आरसा काखेत घातला, पाळीला उशीर होतोय म्हणालो आणि दाढी न करताच कामावर गेलो.