हिंदीत नपुंसकलिंग नाही

बावीस वर्षं मी हायस्कूलला हिंदी शिकवतेय. 'मराठीत तीन लिंगं, हिंदीत दोनच' हे वाक्य फळ्यावर इतक्यांदा लिहिलंय की झोपेतसुद्धा लिहीन. आणि मीच तिथं माती खाल्ली. तीही अशा माणसाशी बोलताना, ज्याचं सगळं आयुष्य एका वाक्यावर अडून बसलं होतं.

गेल्या श्रावणातली गोष्ट. नागपंचमी दोन दिवसांवर आली होती आणि शिराळ्याच्या रस्त्याला गाड्यांची रीघ लागलेली. शाळेच्या क्लार्कनं मला वर्गातून बाहेर बोलावलं. "मॅडम, दुबईवरनं फोन हाय. गावातल्या कुठल्या तरी म्हाताऱ्या फौजीचं विचारतोय. मला तुमचे आबाच वाटले."

पलीकडचा माणूस साठीचा असावा. उर्दू वळणाचं, जपून बोलत होता. म्हणाला, मी पाकिस्तानातला, इथं माझं सलून आहे. वडील आमच्या फौजेत केस कापायचे. एकाहत्तरच्या लढाईत तुमच्याकडं कैद झाले, गेल्या वर्षी वारले. त्यांच्या वस्तऱ्याच्या डबीत साबणाच्या वेष्टणाचा एक तुकडा निघाला. त्यावर हिंदीत आमच्या गावाचं नाव, तालुका शिराळा, जिल्हा सांगली. त्यावरून त्यानं शाळेचा नंबर शोधून काढला होता. "इस गाँव का कोई फ़ौजी क़ैदियों के कैंप में पहरे पर था क्या, मैडम?"

होता ना. माझे वडीलच होते.

आमच्या गावात घराआड एक फौजी. पाकिस्तानी माणसाचा फोन आला म्हटल्यावर कोण काय पसरवेल, नेम नाही. मी नाहीच म्हणणार होते. पण तो थांबला नाही, भडाभडा बोलत सुटला. बाकीचे कैदी छावणीतच अडकून पडले आणि त्याचे वडील पहिल्याच गाडीनं घरी परतले. धडधाकट, अंगावर नवे कपडे. हाच एकटा आधी कसा सुटला? त्यांच्याच फौजेनं चौकशा लावल्या, मग घरी बसवलं. गावानं ठरवून टाकलं, हा विकला गेला, हिंदुस्तानचा हेर होऊन आलाय. "मैंने भी यही माना," तो म्हणाला. "आप बस पूछ के बता दीजिए. बिके थे या नहीं. जो भी हो."

आता अशा माणसाला नाही कसं म्हणायचं? संध्याकाळी पाचला घरून व्हिडिओ कॉल लावते म्हटलं.

आबांना दोन वर्षांपूर्वी लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि गंमत म्हणजे फौजेतली हिंदीही गेली. कराडचे डॉक्टर म्हणाले, मागाहून शिकलेली भाषा कधी कधी अशी पुसली जाते. राहिली ती आमची गावची बोली, तीही अडखळत. म्हणजे दुभाषी मी. खोटं कशाला सांगू, मला थोडा तोराच आला होता. हिंदीच्या बाई ना आम्ही!

पाच वाजता फोन लावला. पडद्यावर पांढऱ्या दाढीचा, नीटनेटका माणूस. आबांनी त्याच्याकडं बराच वेळ पाहिलं. "कान बापाचंच हायत," म्हणाले. मग डोळे भरले, आणि मोठ्या कष्टानं एक वाक्य बाहेर आलं.

"लय चांगलं. आपलं माणूस व्हतं ते."

मी लगेच, घाईघाईनं हिंदी केलं, "आबा कह रहे हैं, वो तो अपने ही आदमी थे."

पडद्यावरचा चेहरा हलेना. मला वाटलं, रेंज गेली. रेंज गेली नव्हती. त्यानं मान खाली घातली, "शुक्रिया, मैडम," म्हणाला आणि फोन कट झाला.

"काय सांगितलंस त्येला?" आबांनी विचारलं. मी सांगितलं. चांगल्या हातातला स्टीलचा पेला त्यांनी असा भिरकावला की भिंतीचा पोपडा निघाला. "आगं भवाने! आपला न्हवं, आपलं! आपलं म्हनलो मी!"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडं एखाद्यावर जीव जडला की माणूस नपुंसकलिंगी होतो. 'आपला माणूस' म्हणजे आपण पेरलेला, आपल्या बाजूचा. 'आपलं माणूस' म्हणजे काळजाजवळचं. हिंदीत ही सोयच नाही, तिथं दोन्हींचं 'अपना आदमी' होतं. आणि छावणीतल्या साहेबांच्या तोंडी, हे मला पुढं कळलं, नेमका हाच शब्द असायचा. मी भर संध्याकाळी, शुद्ध उच्चारात, एका मेलेल्या माणसाला हेर ठरवून मोकळी झाले होते.

मी परत फोन लावला. घंटा वाजून वाजून थांबली. मग दहा वेळा लावला. मेसेज पाठवला, तोही तसाच पडला, निळी खूण काही येईना. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी आबांच्या खाटेजवळ बसले आणि म्हटलं, "आबा, मला सगळं सांगा. त्याशिवाय मला हे निस्तरता यायचं न्हाई."

आबांना ते बोलीतच सांगायला पुरी दुपार लागली; त्यातली हिंदी वाक्यं मी लावलीत. मध्येच शब्द अडायचा, मध्येच डोळे मिटून पडायचे.

तो कैदी छावणीतही केस कापायचा. त्यांच्याच माणसांचे, आणि पहाऱ्यावरच्या आमच्या जवानांचेही. छावणीत साध्या कपड्यांतले एक साहेब यायचे. त्यांचं काम कैद्यांतून माणसं फोडायचं. लढाई संपली होती, पुढच्या लढाईची तयारी चालू होती. ह्या माणसावर त्यांचा डोळा होता, कारण केस कापणाऱ्यापुढं मोठमोठे साहेब मान झुकवून बसतात आणि वाट्टेल ते बोलतात. आबा वीस-एकवीस वर्षांचे, त्या माणसाशी त्यांचं चांगलं जमलेलं. साबणाच्या कागदावर गावाचं नाव आबांनीच लिहून दिलेलं, कधी सगळं निवळलं तर ये म्हणून. साहेबांनी ते हेरलं आणि आबांना कामाला लावलं. दर आठवड्याला विचारायचे, "क्या हुआ, वो अपना आदमी बना कि नहीं?" आबा ताठ उभे राहून म्हणायचे, "नहीं, साब."

अशात आजी गेल्याची तार आली. रजा मिळाली नाही. आबा एकुलते एक. निदान डोकं तरी उतरवावं म्हणून त्या माणसापुढं बसले. वैऱ्याच्या हातात वस्तरा आणि त्याच्यापुढं आपली मान, पण आबांना त्याचं काही वाटलं नाही. वाटलं ते वेगळंच. साहेबांनी सकाळीच कानात सांगितलं होतं, आज त्याला तुझी दया आलेली असेल, आजच विचार.

"आन मी इचारलं," आबा म्हणाले. "आय मेलेली माझी. अर्धं डोकं झालं व्हतं. तवा इचारलं. पैलं सुटशील, पोराबाळांत जाशील, फकस्त हूं म्हन."

वस्तरा थांबला. तो माणूस आबांच्या समोर आला आणि म्हणाला, "तू माँ के लिए मुँडवाने बैठा है, या मुझे मूँडने?" हिंदीत मूँडना म्हणजे फसवणंसुद्धा.

पुन्हा मागं गेला. राहिलेलं अर्धं डोकं त्यानं पुरं केलं. कुठं ओरखडा नाही. टॉवेल झटकला, वस्तरा पुसला, आणि त्या दिवसापासून आबांशी एक अक्षर बोलला नाही.

साहेबांना आबांनी नकार कळवला. साहेब हसले. दुसऱ्या आठवड्यात आजारी कैद्यांची पहिली गाडी निघाली, तिच्यात ह्या धडधाकट माणसाला नवे कपडे घालून बसवलं. आपला होत नाही ना, मग त्यांचाही राहू द्यायचा नाही. आबा फाटकावर उभे होते. त्यांना कळत होतं, हे काय चाललंय ते. "गप बसलो," आबा म्हणाले. "त्येची जिंदगी नासली आन मी गप बसलो. तुझ्या आईलाबी कवा सांगितलं न्हाई."

मला आबांचा संताप आला. खरंच आला. आणि त्याच वेळी त्यांचं डोकं मांडीवर घ्यावंसं वाटलं. मी दोन्हींतलं काही केलं नाही, उठून चहा टाकला.

नागपंचमीच्या सकाळी मी हे सगळं हिंदीत लिहिलं. प्रत्येक वाक्य आबांना मराठीत उलगडून सांगायचं, त्यांनी मान हलवली की पुढं जायचं. वस्तऱ्याच्या जागी आले तेव्हा मी लिहायची थांबले. आबांनी ओळखलं. "माझं काळं झाकू नगंस," म्हणाले. मी झाकलं नाही. मेसेज गेला. निळी खूण नाही.

"मी बोलतो," आबा म्हणाले. मी मोबाईल त्यांच्या तोंडाशी धरला, आवाज भरायला लावला. काही येईना. नुसता श्वास. मी बंद करणार एवढ्यात त्यांनी पाठ ताठ केली, लुळा हात डाव्या हातानं ओढून मांडीला लावला, नजर समोर, आणि दोन वर्षांत एक शब्द न आलेली हिंदी खणखणीत बाहेर पडली.

"नहीं, साब! वो आदमी अपना नहीं बना, साब!"

मला हुंदकाच फुटला. तो तसाच भरला गेला त्यात, आणि तसाच पाठवला.

दुपारी पुरणाची दिंडं केली होती, ती कुणी खाल्ली नाहीत. तीन वाजता दोन निळ्या खुणा आल्या. मी दहादा मोबाईल उघडला आणि मिटला. चारच्या सुमाराला त्याचा आवाज आला. अगदी शांत होता.

"सुन लिया, मैडम. मैं चौदह साल का था जब मैंने उनसे कहा, मेरे सर को हाथ मत लगाना. फिर कभी उनसे बाल नहीं कटवाए. शादी के दिन भी नहीं."

बस, एवढंच.

"काय म्हनला?" आबांनी विचारलं.

गोड करून सांगायचा मोह मला झाला, का होऊ नये? पण एकदा पोळलेली होते. शब्दाला शब्द लावून सांगितलं.

आबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. डावा हात उरल्यासुरल्या पांढऱ्या केसांवरून फिरवला, पुढून मागं, एकदा, दोनदा.

"उद्या न्हाव्याला बोलीव," म्हणाले. "सगळं उतरवायचं म्हनावं."

मी लगेच न्हाव्याला फोन लावला.