तिची बाई कितव्या नंबरावर

बायकोने आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गुरुवारी संध्याकाळी दुकानाच्या काचेवर नंबरांचा कागद चिकटवला. तिने कागद धरला, मी दातांनी चिकटपट्टी तोडली.

"वाकडा लागलाय हो."

"लागू दे. आतली गाणी कुठे सरळ आहेत!"

ओमानात मत्रहला मी कॅसेटच्या दुकानात कामाला होतो. तेव्हा ओमानी पोरांना रॅपचं वेड लागलेलं. आमच्या अर्बाबचा, म्हणजे मालकाचा, भाऊ दुबईहून इंग्रजी मासिक पाठवायचा. रॅपचा कुठला अल्बम जास्त खपला, त्याचे नंबर त्यात असायचे. त्या पानाची झेरॉक्स आम्ही काचेवर लावायचो, ती बघून पोरं माल मागायची.

मी चौथी शिकलेला, मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. बायकोला मात्र भारी कुतूहल. एका अल्बमवर बाईचा फोटो होता. ती कॅसेट ऐकून ही म्हणाली, "एवढी तावातावाने भांडतेय म्हणजे हिचंच बरोबर असणार." झालं, ती तिची बाई. वादी अदाईच्या आमच्या खोलीवरून माझा डबा घेऊन आली की ती कॅसेट पुढच्या रांगेत सरकवायची. एखादी विकली गेली की म्हणायची, "आता बघा, वर चढते."

एकदा खरंच चढली. मला राहवेना. अर्बाबला विचारलं, हे मोजतं कोण? तो पोट धरून हसला. "अमेरिकेत खपतं तेवढंच मोजतात. मत्रहचं कोण मोजतंय?"

घरी सांगितलं, तर म्हणाली, "त्यांनी घेतली तर चढते, आपण घेतली तर नाही? आपले रियाल काय खोटे?"

 

त्या गुरुवारी तिची बाई शेवटून दुसरी होती. "पुढच्या कागदावर राहील ना हो?"

"मला काय माहीत! बघू."

शुक्रवारी सकाळी ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाला, हार्ट. कागदपत्रांत आठवडा गेला. मग देवळातल्या लोकांनी खांदा दिला; आमच्यात पुरतात, तिला इथेच पुरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरळ दुकानात गेलो. "घरी जा," अर्बाब म्हणाला. नवं मासिक टेबलावरच पडलेलं. तिच्या बाईच्या नावाची अक्षरं एव्हाना ओळखीची झाली होती; पान उघडून वरून खाली बोट फिरवत गेलो. तिची बाई होती. अगदी शेवटी, पण होती.

मी पुढच्या रांगेतली तिची कॅसेट उचलली. "ही मी घेतो."

"तुला सांगितलंय ना, इथलं मोजत नाहीत?"

"माहीत आहे," म्हणालो, आणि पैसे गल्ल्यात टाकले.