जुळे पर्याय

"सर, मुली आपण होऊन शाळेत कमी कशाला येतील? घरच्यांनीच पाठवलं नसणार."

सुनंदाताई उत्तरपत्रिका धरून माझ्या टेबलासमोर उभ्या होत्या आणि मला राग आवरत नव्हता. उतारा अगदी साधा होता. एका गावात शाळा निघाली, पहिल्या वर्षी मुलींची संख्या कमी होती, मग इमारत झाली, वगैरे. प्रश्न असा की, पहिल्या वर्षाबद्दल उतारा काय सांगतो? पर्याय 'अ': मुली कमी होत्या. पर्याय 'क': पालक मुलींना शाळेत पाठवायला तयार नव्हते. ताईंनी 'क'वर खूण केली होती.

नव्वदच्या आसपासची ही गोष्ट. धुळ्यात पिठाच्या गिरणीच्या वर माझा स्पर्धा परीक्षांचा क्लास होता. गिरणी सुरू झाली की ओरडूनच शिकवावं लागे. मी रागावलोय की शिकवतोय, हे पोरांना शेवटपर्यंत कळत नसे.

आकलनाचा प्रश्न म्हणजे उतारा वाचायचा आणि चारातलं एक उत्तर निवडायचं. चारातले दोन पर्याय कोणीही खोडतो. उरलेले दोन मात्र सख्खे भाऊ वाटावेत इतके सारखे असतात. आम्ही त्यांना जुळे पर्याय म्हणायचो. त्यातल्या एकात उताऱ्यापेक्षा थोडं जास्त सांगितलेलं असतं. पेपर काढणाऱ्याने तो मुद्दाम, तुमचा पाय घसरावा म्हणून ठेवलेला असतो.

ताई नेमक्या तिथेच घसरत. गणितात पक्क्या, सामान्य ज्ञान तोंडपाठ. पण सरकारी कारकुनाच्या परीक्षेत दोनदा थोडक्यात हुकल्या होत्या, दोन्ही वेळा आकलनात. वय एकोणतीस. वयोमर्यादेमुळे हा शेवटचा अटेम्प्ट. लग्नानंतर बाहेरून बी.ए. केलेली ही बाई रोज पारोळ्याहून एस.टी.ने यायची आणि उभ्यानेच परत जायची.

माझा ठरलेला मंत्र मी पुन्हा ऐकवला. 'सर्व', 'फक्त', 'कधीही नाही' असे शब्द दिसले की सावध व्हा. त्यांनी तो वहीत परत लिहून घेतला. पुढच्या मॉक टेस्टमध्ये सातपैकी चार चुकले. त्या दिवशी त्या शांतपणे म्हणाल्या, उद्यापासून येत नाही, घरी सांगून टाकते.

रविवारी मी पारोळ्याला गेलो. त्यांच्या सासूबाईंना, अक्कांना भेटून सांगावं की अजून महिनाभर पाठवा. पण बोलणं काढायच्या आत ताट आलं. कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, वर तेलाची धार. दोन भाकरी झाल्यावर मी नको म्हणालो. ताईंनी तिसरी वाढली. मी ताटावर हात आडवा धरला. त्यांनी बोटांच्या फटीतून अर्धी सरकवली.

मी वैतागून म्हणालो, "अहो, खरंच नको म्हणतोय मी."

अक्का हसल्या. "सर, पाव्हना कधी हा म्हनस का? नको म्हनना म्हनजे आखो वाढनं."

पाहुणा नको म्हणाला म्हणजे त्याला आणखी हवंय. या घरात सून म्हणून दहा वर्षं ताई हेच शिकल्या होत्या. समोरचा काय बोलतो ते सोडून द्यायचं, त्याच्या मनात काय आहे ते ओळखायचं. सासऱ्यांनी नुसतं आकाशाकडे पाहिलं तरी वाळवण आत घ्यायचं. ही बाई उतारा तसाच वाचत होती. मी मात्र तिला 'फक्त' आणि 'सर्व' शिकवत बसलो होतो. माझी मलाच लाज वाटली.

"ताई," मी म्हणालो, "परीक्षेतला पाहुणा नको म्हणाला, तर त्याला उपाशी उठवायचं. काही वाढायचं नाही."

त्यांना हसू फुटलं. अक्कांनी महिनाभराची परवानगी दिली, वर मला चौथ्या भाकरीचा आग्रह केला.

त्यानंतर आम्ही एकच पद्धत ठेवली. प्रत्येक पर्यायासाठी उताऱ्यातल्या ओळीवर बोट ठेवून दाखवायचं. बोट ठेवायला जागा मिळाली नाही की तो पर्याय सोडायचा, मग तो कितीही पटो. पहिले आठ दिवस त्या चिडायच्या. "पण सर, हे खरं आहे," म्हणायच्या. मी म्हणायचो, बोट कुठे ठेवता ते दाखवा. हळूहळू चुका चाराच्या दोन झाल्या, मग एक.

त्या पास झाल्या. यादी लागल्याच्या दुसऱ्या दिवशी अक्कांना घेऊन पेढे द्यायला आल्या. मी विचारलं, आकलनाचा भाग कसा गेला होता?

"तीन प्रश्नांत खरं काय ते मला माहीत होतं, सर," त्या म्हणाल्या. "तिन्ही ठिकाणी ते सोडून दिलं."

त्या खूश होत्या. मी पेढा तोंडात टाकला. खाली गिरणी चालू होती, ते बरंच झालं.

तेव्हापासून जुळ्यांपैकी एक खोडताना 'हा चूक' असं मी वर्गात म्हणत नाही. 'हा उताऱ्यात नाही' एवढंच म्हणतो. मार्क तेवढेच मिळतात.