बसणाऱ्याची ऊब

साठी उलटेपर्यंत ग्यानोबाला स्वतःचं बनियन स्वतः विकत घ्यायची वेळ आली नव्हती. तुळजाबाई निलंग्याच्या बाजाराला जायची, तिला वाटेल ते आणायची आणि हा गडी ते गुमान अंगात घालायचा. मापात बसलं तर बरं, ढगळ झालं तर तेही बरं. गेल्या सालच्या दिवाळीच्या तोंडावर तुळजाबाई तापानं फणफणली, लातूरच्या दवाखान्यात नेली आणि तिथंच संपली. तो हिवाळा ग्यानोबानं जुन्यावर काढला. यंदा बनियनची पार चाळण झाली, तेव्हा नाइलाजानं काखेत पिशवी मारून तो एसटीत चढला.

बनियन काय, कुठलंही चाललं असतं. पण ग्यानोबाला ते जागलीसाठी हवं होतं आणि त्याची जागल इतरांसारखी नव्हती.

त्याचं रान माळाला लागून. थंडीत हरभऱ्याला घाटे धरले की रानडुकरांचे कळप उतरतात आणि एका रात्रीत निम्मं शिवार नांगरून टाकतात. बाकीचे लोक पत्र्याचे डबे बडवतात, कुणी माणसाच्या आवाजाचे भोंगे लावून घरी खुशाल झोपतात. ग्यानोबाला हे सगळं थिल्लर वाटायचं. "वाजविणाऱ्याची डुकराला सवय व्हती, गप बसणाऱ्याची न्हाई," असं त्याचं म्हणणं. तो चार मेढींवर बांधलेल्या माळ्यावर चढायचा आणि विडी नाही, खोकला नाही, हालचाल नाही, असा दगड होऊन बसायचा. कळप अगदी पायाखाली आला की सुतळी बॉम्ब पेटवून नेमका त्यांच्या नाकासमोर टाकायचा. मग आठवडाभर ती डुकरं त्या बांधाकडं फिरकत नसत. शिकाऱ्याची चिकाटी होती त्याच्यात, फक्त मारायचं तेवढं नव्हतं. तुळजाबाई म्हणायची, माळ्यावर बसतोस तसा कधी घरात बसला असतास तर तुझ्याशी दोन शब्द बोलले असते.

निलंग्यात बसस्टँडपासून जवळच पंचाक्षरीअप्पांचं बनियन-स्वेटरचं दुकान. कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, आणि गिऱ्हाइकाला माल दाखवायच्या आधी उलटतपासणी घ्यायची खोड. या माणसाला दुकान टाकायच्या ऐवजी कोर्टात काळा कोट घालून उभं राहायला पाहिजे होतं.

"चालणार का बसणार?" त्यांनी विचारलं.

"म्हंजी?"

"थंडीत काय करता? चालता का एका जागी बसता?"

"बसतो. जागलीला. हलायचं बी न्हाई."

"मग हे सुती बनियन ठेवा तिकडं." अप्पांनी पुढ्यातला गठ्ठा सरळ मागं सारला. "चालणाऱ्याचं अंग म्हंजी भट्टी, त्याला काय बी चालतंय. बसणाऱ्याची भट्टी इझलेली. तुम्ही रानात चालत जाता, आतून घाम सुटतोय. सुती बनियन तो घाम पिऊन बसतंय. मग तुम्ही बसला की तेच गार पाणी रातभर छातीला."

ग्यानोबाला पटलं. पहाटे छातीत भरणारं कापरं त्याला माहीत होतं, त्याचं कारण मात्र आज कळलं.

अप्पांनी दोन जोड काढले. एक अंगासरशी बसणारं, पातळ, गुळगुळीत थर्मल. दुसरं लोकरीचं, जाड. "पातळ कातडीला, लोकर त्याच्यावर, घोंगडी सगळ्याच्या वरती. आनि पायमोजे कोरडे पिशवीत न्या, माळ्यावर चढून बदला. कापड ऊब देत न्हाई बगा. ऊब तुमची. कापड नुसतं धरून ठेवतंय. हात लावून बगा, कोणतं मऊ वाटतंय."

ग्यानोबानं हात लावला. थोडा वेळ तसाच ठेवला. मग ते कापड उचलून त्यानं गालावर घासलं, आधी एक, मग दुसरं. अप्पा बघतच राहिले. असलं गिऱ्हाइक त्यांच्या दुकानात पहिल्यांदाच आलं होतं.

गोष्ट अशी होती, की ग्यानोबाच्या बोटांना मऊ-खरखरीत फारसं कळत नव्हतं आणि पायांना तर काहीच कळत नव्हतं. अंगात साखर मुरली होती. आधी तळव्यांना मुंग्या आल्या, मग मुंग्याही गेल्या. चप्पल पायातून निसटून मागं राहायची आणि हा पुढं चार ढेंगा टाकून गेलेला असायचा. हे फक्त तुळजाबाईला माहीत होतं. पहाटे तो घरी आला की ती त्याचे पाय मांडीवर घ्यायची आणि सांगायची, आज बरफ झालेत, चुलीपशी बस. किंवा म्हणायची, आज बरे हायत. पाय ग्यानोबाचे, पण त्यांची खबर तिच्याकडं. ती गेल्यावर खबर यायची बंद झाली.

दुसऱ्या कुणाला हे कळू द्यायचं नव्हतं, कारण सगळं त्यावरच अडलं होतं. मुलगा हरिओम लातूरला राहायचा. आई गेल्यापासून त्याचा एकच धोशा होता, दादा, रान बटईनं देऊ, तुम्ही माझ्याकडं या. ग्यानोबा कानावर हात ठेवायचा. शेवटी हरिओमनं तोडगा काढला. पाय डॉक्टरला दाखवू. पायांना कळत असेल तर खुशाल जागलीला बसा. नसेल, तर जागल बंद आणि गाडीत बसायचं.

डॉक्टर तरुण होता. टाचणी टोचून विचारायचा, कळलं का बाबा? ग्यानोबा पायाकडं बघतच नव्हता. तो डॉक्टरच्या भुवयांकडं बघत होता. टोचताना पोराच्या भुवया जवळ यायच्या, ग्यानोबा लगेच म्हणायचा, हाव. भुवया जागच्या जागी असल्या की म्हणायचा, न्हाई, कुठं टोचलंव? जन्मभर अंधारात डुकराचा अंदाज घेणाऱ्याला उजेडात डॉक्टरचा अंदाज घेणं काय जड? तो पास होऊन बाहेर आला. हरिओमनं निमूट त्याला गावच्या गाडीत बसवून दिलं.

तर असं ते पातळ थर्मल आणि लोकरीचं जाड, दोन्ही घरी आलं. ग्यानोबा अप्पांच्या सांगण्याबरहुकूम वागला. वाटेनं सदरा उघडा टाकून जायचा, माळ्याखाली घाम पुसायचा, मग कोरडं अंगात चढवायचा. छातीचं कापरं थांबलं. छातीचं त्याला कळत होतं, म्हणून तिथं समाधान होतं. पायांचं काय, हा प्रश्न राहिला. दोन-दोन मोजे घातले तरी आत ऊब आहे का बर्फ, हे सांगणारं कुणी नव्हतं. पहाटे घरी आल्यावर तो स्वतःच मांडी घालून हातानं पाय चाचपायचा. हातही तसलेच. मुक्यानं बहिऱ्याला विचारावं, तसलं ते काम.

मग त्यानं विटेची युक्ती काढली. शेकोटीत वीट तापवायची, पोत्याच्या तुकड्यात गुंडाळायची, माळ्यावर न्यायची आणि टाचा तिच्यावर टेकवून बसायचं. पहिल्या दिवशी काही जाणवलं नाही. वीट नीट तापली नसंल, असं त्याला वाटलं. दुसऱ्या खेपेला जास्त तापवली. तरी नाही. मग पोतं काढून जुन्या धोतराचा पातळ तुकडा गुंडाळला. ऊब लागेपर्यंत तापवायची, एवढं साधं गणित त्यानं मनाशी धरलं होतं, आणि ते गणित कुठं चुकतंय हे त्याला कळायचं काही साधन नव्हतं.

तुळजाबाईबद्दलही लोक विचारायचे. सोयरे यायचे, हात धरायचे, लई मोठा घाव बसला म्हणायचे. ग्यानोबा मान हलवायचा. दहावा झाला, तेरावा झाला, वर्षश्राद्ध झालं. तो वेळेवर जेवत होता, वेळेवर जागलीला जात होता. काय धीराचा माणूस आहे, असं गाव म्हणालं.

येळवस आली. येळवस म्हणजे लातूरकडची मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही, सगळे रानात. कडब्याची कोपी करायची, आत पांडवांचे दगड मांडायचे, पूजा करायची आणि भज्जी, उंडे, आंबील पोट फुटेपर्यंत हाणायचं. हरिओम आणि सून वर्षाराणी लातूरहून पाट्या भरून आले. तुळजाबाई असताना आंबिलीचं बिंदगं ती डोक्यावर आणायची. यंदा ते हरिओमनं मोटारसायकलवर आणलं आणि निम्मं वाटेतच सांडलं.

कोपीत पूजेला अनवाणी बसायचं. ग्यानोबानं मोजे काढले, नारळ फोडला, नैवेद्य दाखवला. हरभरा टवटवीत उभा होता, डुकराचा कुठं मागमूस नव्हता. तो ऐटीत म्हणाला, "बग हरिओम. भोंगा न्हाई का काय न्हाई."

हरिओम हसला. "राहू द्या दादा. तुम्ही जिंकलाव." आणि आंबिलीचा तांब्या घेऊन तो बांधाकडं शिंपडायला गेला.

पूजा झाली की सुनेनं सासऱ्याच्या पाया पडायचं, हे त्यांच्या घरचं ठरलेलं. वर्षाराणी डोक्यावरचा पदर कपाळाखाली ओढून वाकली. शहरात ती पदर घ्यायची नाही, इथं आल्यावर मात्र पापणीपर्यंत घ्यायची. तिनं एका हातानं एक आणि दुसऱ्या हातानं दुसरं पाऊल धरलं आणि ती तशीच थांबली. नमस्कार एवढा वेळ चालत नाही. बोटांना टाचेशी काहीतरी ओलं लागलं होतं. कातडी सुटून आली होती. तिच्या वडिलांच्या पायाची दोन बोटं याच साखरेनं नेली होती, त्यामुळं तिला कुणी काही सांगायची गरज नव्हती.

ती खाली बसली. पदर तसाच डोळ्यांवर.

"मामा," ती म्हणाली, "इथं लागतंय का हो?"

ग्यानोबानं सवयीनं तिच्या तोंडाकडं बघितलं. तोंड पदराआड. हातही पदराआड. भुवया नाहीत, कपाळ नाही, काही नाही. मग तो अंदाजानं बोलला. "हाव. लागतंय की. जरा हळू, पोरी."

वर्षाराणीनं मान वर केली. पदर मागं सरला. तिचे दोन्ही हात तिच्या स्वतःच्या मांडीवर होते.

ग्यानोबानं ते हात बघितले. त्यानं सारवासारव केली नाही. बांधावरून हरिओमचा आवाज येत होता, कुणाला तरी तो जेवायला बोलवत होता.

"कशानं भाजलं?" तिनं हळूच विचारलं.

"भाजलंय व्हय?" ग्यानोबानं पाय वळवून तळवा बघायचा प्रयत्न केला, तो नीट वळला नाही. "वीट घेत व्हतो शेकाया. ऊब लागंना म्हनून तापवत गेलो." मग तो पांडवांच्या दगडांकडं वळला. "तुजी सासू गेली तवा समदे असंच इच्यारत व्हते. लई लागलं असंल न्हाई का ग्यानोबा, म्हनून. त्यायच्या तोंडाकडं बघून मी हाव म्हनलं. खरं सांगतो पोरी, तवाबी मला काय बी कळलं न्हाई. आजून न्हाई कळलं."

वर्षाराणीनं पाटीवरचं फडकं फाडलं, हंड्यातल्या पाण्यात बुडवलं आणि टाच पुसायला घेतली. तेवढ्यात हरिओम आला. त्यानं टाच बघितली आणि खाली बसला. त्याचा चेहरा उतरला. तो चिडेल असं ग्यानोबाला वाटलं होतं, पण चिडला नाही.

"दादा, आता जागल बंद," तो म्हणाला. "रान शेजारच्या विनोदला बटईनं लावू. आजच दवाखान्यात जायचं. मग घरी, लातूरला."

या भांडणाची तयारी ग्यानोबानं वर्षभर केली होती. काय बोलायचं, कुठं आवाज चढवायचा, आईचं नाव मध्ये कधी आणायचं, सगळं माळ्यावर बसून जुळवलेलं होतं. तो म्हणाला, "दे."

"काय दे?"

"विनोदला दे. येतो म्या."

गाडी बघतो म्हणून हरिओम उठून वाटेकडं गेला.

ग्यानोबा बसून राहिला. समोर त्याचा हरभरा, पलीकडं माळा, त्यामागं माळरान. उद्यापासून यातलं काही नाही. आता पोटात खड्डा पडायला पाहिजे, असं वाटून तो थांबला. डुकराची वाट बघावी तसा, न हलता. काही आलं नाही. बायको गेली, काही आलं नाही. रान चाललं, तरी नाही. आपण मेलो तरी आपल्याला कळेल का नाही, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याच्या छातीत धस्स झालं. लोकरीच्या जाड बनियनच्या आत घाम फुटला.

"पोरी," तो म्हणाला. या खेपेला त्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं नाही. "भ्या वाटायलंय."

वर्षाराणीनं फडक्याची दुसरी पट्टी टाचेवरून घेतली.

"वाटू द्या, मामा," ती म्हणाली आणि गाठ मारली.